राहणाऱ्या व्यक्ती : एक

तो मोबाइल ठेव बघू खाली. आणि फिदीफिदी हसायचं नाही. मी घरपट्टीच्या ऑफिसात गाडी चालवायचो तेव्हाचं सांगतोय. सतरा फेब्रुवारी, मंगळवार.

आमच्या एका कारकुनाला सगळे झटपट म्हणायचे. घरोघरी जायचं आणि टॅबवर भरायचं: मालक कोण, मोबाइल नंबर काय, माणसं किती. त्या दिवशी शेवटची तारीख होती. संध्याकाळी एकच घर उरलं, गल्लीच्या टोकाचं, कुलूपबंद. तिथली एकटी म्हातारी वारून वर्ष झालेलं. झटपटने 'राहणाऱ्या व्यक्ती' पुढे शून्य टाकलं. ॲप घेईना. नंबराशिवायही घेईना. मग पठ्ठ्याने 'एक' टाकलं, नंबर स्वतःचा दिला आणि म्हणाला, "चला काका, कोण बघायला येतंय!"

रात्री साडेअकराला मला त्याचा फोन आला. इतका कापत होता की आवाज ओळखू येईना.

झालं होतं असं. त्या बंद घरातल्या माणसांची संख्या बदलायचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर आला. त्याला वाटलं, ऑफिसातलंच कुणीतरी थट्टा करतंय. तो पाणी प्यायला उठला. तेवढ्यात फोन वाजला आणि त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने उचलला.

"कोण होतं गं?"

"एक आजी होती, बाबा. एकटीला करमत नाही म्हणाली. आकडे विचारले, मी वाचून दाखवले."

पाठोपाठ मेसेज. राहणाऱ्या व्यक्ती : दोन. आणि खाली नाव... त्याच्या मुलीचं.

नोंद बदलायची तर त्या घरासमोरच उभं राहावं लागतं, ॲपच तसं आहे. मी गाडी घेऊन त्याच्या घरी पोचलो तेव्हा पोरगी आईच्या कुशीत तापाने फणफणली होती. कुणाला ओळखत नव्हती.

त्या घरापाशी आलो. बारा वाजून वीस मिनिटं. मी गाडीतच बसलो. खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली होती. तो दाराशी गेला. टॅबचा उजेड तोंडावर.

"काका, नाव निघत नाहीये."

"मग?"

"त्याच्या जागी दुसरं कुणाचं तरी टाका म्हणतंय..."

त्याने एकदा मागे वळून गाडीकडे पाहिलं. मग पुन्हा टॅबवर वाकला.

"माझं टाकतो."

"अरे, थांब जरा..."

उजेड विझला.

हाक मारली. हॉर्न दिला. पुन्हा दिला. काही नाही. खाली उतरायची हिंमत झाली नाही माझी, आजही लाज वाटते. त्याच्या घरी फोन लावला. बायको म्हणाली, "ताप उतरला हो काका. झोपली. हे कुठायत?"

...

सकाळी पोलिसांनी कुलूप तोडलं. आतल्या धुळीवर एक पाऊल नव्हतं. तो आजतागायत सापडलेला नाही.

ऑफिसात मी ती नोंद उघडायला लावली. बदल करताना घराचा फोटो जोडावा लागतो. जोडलेला होता. वेळ, बारा तेवीस. पण फोटोत घर नव्हतं. रस्ता होता. आमची गाडी होती. गाडीत मी, हॉर्नवर हात ठेवून.

आणि मध्ये खिडकीचे गज. फोटो आतून काढलेला होता.