काट्याची वायर काढली तरी

भावाचा डबा आणि चपला तेवढ्या घेऊन यायच्या, म्हणून परवेज शुक्रवारी दुपारी मुकुटबनच्या जिनिंगवर गेला. यंत्रं बंद होती. कोणी नमाजला, कोणी जेवायला गेलेलं. कापसाचे तंतू हवेत लटकून होते, सरकीचा खवट वास येत होता. याच आवारात महिन्यापूर्वी कापसाची गंजी ढासळली आणि त्याचा भाऊ मुजफ्फर तिच्याखाली गेला. त्या साली गावोगाव इतकी लहानमोठी माणसं मरत होती, की त्याच्या मैयतीची चर्चा आठवडाभरही टिकली नाही.

वजनकाट्याच्या खोलीत मुजफ्फरचा जुना कॉम्प्युटर चालूच होता. मुनीम पुंडलिकराव आणि हमाल नेमसिंग दारापाशीच उभे.

"बरं झालं आलास," पुंडलिकराव हळूच म्हणाले. "बंद करतो मी हे. तू फक्त हो म्हण."

"काहून? काय झालं?"

नेमसिंगने स्क्रीनकडे बोट केलं.

मुजफ्फरने डॉसमध्ये स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. वजन वाचण्याआधी तो मशीनला नुसतं विचारायचा: काट्याकडून काही येऊन थांबलंय का? आणि पलीकडचा काही घ्यायला तयार आहे का? पहिल्याचं उत्तर वरच्या ओळीत, दुसऱ्याचं खालच्या. शून्य शून्य म्हणजे नाही, एफ एफ म्हणजे हो. थांबलेलं आत घ्यायचं की नाही, ते बसणाऱ्याच्या हाती. एन्टर दाबलं तरच ते यायचं.

वरच्या ओळीत एफ एफ होतं.

"काट्याची वायर सकाळीच काढली," नेमसिंगने खिळ्यावरचं वेटोळं दाखवलं. "तरी कोणी थांबलंच हाय... वाचू नको रे परवेज. थांबू दे."

परवेजचं डोकं फिरलं. "माहा भाऊ दारात उभा, आन मी दार लावू? तुमी भ्या. मी नाई भेत."

समोरच्या बाकावर बसून त्याने एन्टर दाबलं. एकसष्ट किलो.

खिडकीतून काटा दिसत होता. त्यावर नुसतं ऊन. ईदच्या आधी दोघे भाऊ गंमत म्हणून एकेक करून त्यावर चढले होते, तेव्हा मुजफ्फर एकसष्टच भरला होता.

खालच्या ओळीतही एफ एफ उमटलं.

"नको..." पुंडलिकराव स्विचकडे सरकले.

"हात लावूनच पाहा, मुनीमजी!"

चौथीत शाळा सुटलेल्या परवेजने एकेक अक्षर हुडकत टाइप केलं: भाई, उतर. आत ये.

मग एन्टर. तीस. पुन्हा एन्टर. शून्य. माणूस आधी एक पाय खाली ठेवतो, मग दुसरा, तसं.

दारातला नेमसिंग एकदम अंग चोरून बाजूला झाला. क्षणभराने परवेजच्या शेजारी बाक करकरला. परवेज सरकला, जागा केली. डोळ्यांतून पाणी, पण मान ताठ.

"आला माहा भाऊ. आता करा बंद."

पुंडलिकरावांचा हात स्विचवरच राहिला. वरच्या ओळीत पुन्हा एफ एफ होतं.

परवेजने एन्टर दाबलं. चौऱ्याहत्तर किलो. ओळ बदलली नाही. मागे अजून होतं कोणी...

त्याने बाहीने तोंड पुसलं. "या," तो त्या मोकळ्या उन्हाकडे पाहून ओरडला. "एकेकानं या. मी बसलो हाय."

आणि पुन्हा एन्टर दाबलं.

अकरा किलो.