पाखरीची शीळ

भरमाला जाऊन तिसरा दिवस होता. लेक नागेंद्र आणि भाऊबंद रक्षाविसर्जनाला दूधगंगेवर गेले होते, आणि भरमाची बायको अंबुबाई बादली भरून घरामागच्या परड्यात निघाली होती. घरात माणूस गेलं म्हणून जनावराचं पाणी चुकत नाही. पण पाखरी घोडीनं तीन दिवसांत पाण्याला तोंड लावलं नव्हतं.

कारण उभ्या सदलगा गावाला ठाऊक होतं. घोडी पाणी प्यायला लागली की भरमा शीळ घालायचा. बारीक, लांब, मध्येच तुटणारी. बादली रिकामी होईपर्यंत शीळ, आणि डावा हात घोडीच्या मानेवर फिरत असायचा. त्या हाताला करंगळी नव्हती. पाखरीच्या आईनं ती चावून तोडली होती, तरी तिला हा बाबा चकार शब्द बोलला नव्हता. आमटीत मीठ कमी पडलं तर मात्र अंबुबाईची धडगत नसे. घोडागाडीच्या शर्यतींपायी तिच्या माहेरची लग्नं चुकली. पोराच्या बारशालाही हा गडी शर्यतीच्या माळावर. बेचाळीस वर्षं तिनं सवतीबरोबर संसार केला, चार पायांच्या सवतीबरोबर.

एकदाच ती म्हणाली होती, "मी पाणी पिताना बी घाला की कवातरी शीळ."

तो हसला होता. "घालीन गं. येळ आली म्हंजे घालीन."

आज घोडी प्याली नाही तर हातची जाईल, असं जनावरांचा डॉक्टर काल सांगून गेला होता. नागेंद्रनं शीळ घालून पाहिली. मग मोबाइलवर शर्यतीचा जुना व्हिडिओ लावून भरमाचीच शीळ ऐकवली. पाखरीनं कान टवकारले, मोबाइल हुंगला आणि मान फिरवली. अंबुबाईला तेव्हा रडू फुटलं. जन्मभर तिनं या घोड्यांवर दात खाल्ले होते, पण आता पाखरीही गेली तर भरमाचं म्हणून घरात काय उरणार होतं?

परड्यात ऊन चढलं होतं. अंबुबाईनं बादली ठेवली, कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि बाईमाणसानं घालू नये ती शीळ घालायला ओठांचा चंबू केला. नुसती हवा निघाली. तिनं पुन्हा फुंकलं.

शीळ वाजली.

पाखरीनं बादलीत तोंड घातलं आणि ती घटाघटा पिऊ लागली. अंबुबाईला भरून आलं. हुंदका आवरायला तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

शीळ वाजतच होती...

भिजल्या हरभऱ्याचा आणि घामाचा वास आला. भरमाच्या सदऱ्याला यायचा तोच. पाखरीची आयाळ मानेवर सपाट दाबली जात होती, पुन्हा उठत होती. बादली रिकामी झाली तशी शीळ थांबली.

अंबुबाई स्वयंपाकघरात कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. नागेंद्र नदीवरून आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. तोंडाला कोरड पडली होती. रिकामी बादली बघून आलेला नागेंद्र खुशीत होता.

"पाणी प्याली की पाखरी. आता तू बी पी, आई," म्हणून त्यानं तांब्या तिच्या हातात दिला.

तिनं तांब्या ओठाला लावला आणि शीळ वाजली.

नागेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. "आई... कोण घालतंय गं?"

तिनं तांब्या खाली घेतला. शीळ थांबली. घरात त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. घशात जाळ पेटला होता, पाण्यावाचून भागणार नव्हतं. डोळे मिटून तिनं तांब्या पुन्हा उचलला. बेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता आलं होतं, आणि तिला घोट गिळवत नव्हता. शीळ कानाशी आली. मग तिच्या मानेवर एक खरबरीत तळवा टेकला आणि हळूहळू फिरू लागला. तिनं नकळत त्याची बोटं मोजली.

चारच भरली.