उतारावरची शिट्टी

"काठी सरळ धर रे. तिला वारा लागलाय की तुला?" तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून मावशीने विचारलं.

"मला थंडी लागलीय," बडबड्या म्हणाला. "आणि ही काठी माझ्या दुप्पट आहे. तिला धरतोय का तिच्यावर लटकतोय, तेच कळत नाही."

"लटक, पण गप्प लटक," त्याची ताई म्हणाली.

सुट्टीत ही दोघं भावंडं मावशीकडे आली होती. मावशी नकाशे करणाऱ्या खात्यात होती. तिच्या साहेबांनी दोन वर्षांपूर्वी या डोंगराचा कच्चा नकाशा केला होता. तो पुन्हा तपासून मावशीने सही केली की छपाईला जाणार होता. गावाला नवा रस्ताही त्याच नकाशावरून आखायचा होता.

काठीवरचे आकडे टिपून झाले, तेवढ्यात खालच्या उतारावरून शिट्टी आली. एक सूर लांब, एक तुटका. आणि थोड्या वेळाने धुक्यातून दुसरी शिट्टी आली, अगदी तशीच, फक्त जरा थकलेली.

बडबड्याच्या हातातली काठी हलली. या वेळी वारा नव्हता.

"तिकीट असेल," मावशी हळू आवाजात म्हणाली.

तिकीट म्हणजे पोस्टमनची मुलगी. पाकिटावरच्या तिकिटासारखी वडिलांना सतत चिकटून असायची, म्हणून सगळं गाव तिला तिकीट म्हणायचं. पोस्टमन दीड वर्षापूर्वी बदली होऊन आला आणि वर्षाच्या आत नाहीसा झाला. वरच्या वस्तीवर टपाल देऊन परत निघाला, तो घरी पोचलाच नाही. गावात कुणी म्हणे, घर सोडून पळाला. कुणी म्हणे, उतारावरच्या भुताने नेला. त्या उतारावर जायचं नाही, असं तिथे पूर्वीपासून सांगत आले होते. का, ते कुणालाच आठवत नव्हतं.

मावशी तंबूत आकडेमोड करायला बसली आणि दोघं भावंडं खाली उतरली. तिकीट एका दगडावर बसली होती. समोर दुधासारखं धुकं. झाडांचे बुंधे दिसत होते, शेंडे नव्हते. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

"कोण गं तिकडे?" बडबड्याने कुजबुजत विचारलं.

"बाबा," ती म्हणाली. "घरी येताना ते अशी शिट्टी वाजवायचे. आता मी वाजवते, ते उत्तर देतात. लोक म्हणतात पळाले. पळालेला माणूस उत्तर देईल का?"

बडबड्या ताईच्या मागे सरकला.

ताईने खिशातून नकाशाची घडी काढली. त्यावर उतार अगदी शहाण्यासारखा होता. समान उंचीच्या रेषा सारख्या अंतरावर, एकाखाली एक, थेट ओढ्यापर्यंत. तिने टाळी वाजवली. टाळी परत आली.

"आवाज कशावर तरी आपटला तरच परत येतो," ती विचार करत म्हणाली. "पण इथे समोर आपटायला आहे काय? नकाशात तर नुसता उतार."

"मग भूतच," बडबड्या म्हणाला. "चला घरी."

"भूत तरी आहे, नाहीतर नकाशा तरी चुकलाय. हात धरा."

हात धरून तिघं थोडी पुढे सरकली. थांबून ताईने हात सोडवून टाळी वाजवली. परत आलेली टाळी आता लवकर आली. आणखी पुढे. या वेळी तर जणू कुणीतरी अगदी तोंडासमोर टाळी वाजवली. बडबड्याच्या मानेवर काटा आला.

"थांबा," ताई म्हणाली. तिने एक दगड उचलून पुढच्या गवतात टाकला.

गवत सळसळलं. मग काहीच नाही. आणि मग खूप खालून, विहिरीतून यावा तसा, दगड आपटल्याचा आवाज आला.

तिघं जागच्या जागी खाली बसली. एकमेकांना धरून, मागे सरकत सरकत, दगडापर्यंत आली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

"समोर कडा आहे," ताई म्हणाली. "आणि मधे दरी."

तिकीट धुक्याकडे वळली.

"म्हणजे शिट्टी माझीच होती," ती म्हणाली.

ताईने मान हलवली. दुसरं काय करणार?

"टपाल कचेरीच्या भिंतीवर साहेबांनी लावलेला हाच नकाशा आहे," तिकीट पुटपुटली. "बाबा नवीन होते. तो बघून जवळची वाट शोधायचे." ती उठून उभी राहिली. "ते पळाले नव्हते."

मावशीने आधी तिघांना असं झापलं की भूत बरं वाटलं. मग तिने नकाशा उलगडला. "जिथे काठी उभी केली, तेवढी उंची खरी. मधल्या रेषा अंदाजाने जोडतात. तो अंदाज मधून चालून आलेल्यानेच करायचा असतो. साहेब म्हणाले, ते चालून आलेत."

साहेब त्याच दुपारी सही न्यायला आले. दरी म्हटल्यावर हसले. "मुलांच्या सांगण्यावरून नकाशे करायचे का आता? तो साधा उतार आहे."

"हो ना, मीपण ताईला तेच सांगितलं," बडबड्या भाबडं तोंड करून म्हणाला. "साहेब, आम्हाला एकदा ओढ्यापर्यंत घेऊन चला. तुम्हाला वाट माहीत आहे. तुम्ही पुढे, आम्ही मागे."

साहेबांना नाही म्हणता येईना. मावशीने त्यांच्या कमरेला दोर बांधला तेव्हा ते म्हणाले, "हा कशाला?" पण सोडायला लावला नाही. दगडापाशी तिकीट थांबली आणि तिने शिट्टी वाजवली. एक सूर लांब, एक तुटका.

धुक्यातून शिट्टी परत आली.

साहेबांचा उचललेला पाय तसाच राहिला. "कोण आहे तिकडे?" त्यांनी विचारलं. "आहे तिकडे," धुकं म्हणालं.

"चला ना साहेब," बडबड्या म्हणाला. "साधा उतार आहे."

साहेबांनी पाय मागे घेतला. "महिनाभर धुकं होतं," ते खाली बघत म्हणाले. "वरून घाई. वरची उंची मोजली, ओढ्याची मोजली. मधे मी आलोच नाही. तंबूत बसून रेषा ओढल्या."

"त्या रेषांवरून माझे बाबा चालत गेले," तिकीट म्हणाली.



धुकं निवळल्यावर गावातली माणसं दोर लावून दरीत उतरली. त्यांनी टपालाची पिशवी वर आणली. पट्टा अजून मजबूत होता. खाली आणखी काय मिळालं ते मोठ्यांनी मुलांना सांगितलं नाही आणि मुलांनी विचारलं नाही. संध्याकाळी तिकिटाच्या दारात सगळं गाव आलं होतं. पळाला म्हणणारे तर सगळ्यांत पुढे, माना खाली घालून. तिची आई इतकंच म्हणाली, "आत या."

मावशीने सही केली नाही. उतार नव्याने मोजला. मुलं दोराने बांधलेली, काठी तिकिटाच्या हातात. ती इतकी सरळ उभी राहिली की मावशीला एकदाही ओरडावं लागलं नाही. नव्या नकाशावर तिथल्या रेषा एकमेकींना खेटून बसल्या. टपाल कचेरीतला जुना नकाशा साहेबांनी स्वतःच्या हाताने उतरवला. "ऐकून मोजायचं मला कुणी शिकवलं नव्हतं," ते मुलांना म्हणाले. "तुमच्यामुळे कुणाचा तरी जीव वाचेल." आपल्या चुकीची कबुलीही त्यांनी स्वतःच लिहून खात्याकडे पाठवली.

भावंडं निघाली त्या दिवशी तिकीट त्यांना सोडायला वळणापर्यंत आली. तिथे थांबून तिने दरीच्या दिशेने शिट्टी वाजवली.

"अगं, आता कशाला?" बडबड्याने विचारलं.

"मी घरी चाललेय, हे सांगायला."

शिट्टी परत आली. या वेळी तिकीट दगडावर बसली नाही. उत्तर संपायच्या आत ती घराकडे वळली होती.