खिशात मावेल असा आवाज

दुकानात शिरायचं ऋताच्या मनातही नव्हतं. ती उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात आली होती साडीला फॉल लावायला टाकायला. पण जानेवारीतच मावठ्याची एक सर आली, टावर चौकातली माणसं दिसेल त्या आडोशाला पळाली, आणि ऋता जिथे घुसली ते रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान निघालं. काउंटरमागे एक तरुण कानांना हेडफोन लावून, डोळे मिटून बसला होता. समोर वायरींचा गुंता, दोन-तीन उघडे पडलेले टेपरेकॉर्डर. गिऱ्हाईक आलंय याची त्याला गंधवार्ता नव्हती.

सर काही थांबेना. ऋताच्या पर्समध्ये वॉकमन होता. तो कायमच असायचा. आलोच आहोत तर विचारून टाकावं, असं तिला वाटलं.

“भैया, मेरे को आवाज बडा करनेका है,” ती म्हणाली. मग टेबलावर टकटक करून पुन्हा म्हणाली.

त्याने डोळे उघडले. हेडफोन गळ्यात घेतला आणि क्षणभर नुसताच बघत राहिला. ऋताच्या कपाळावरची ओली बट गालापर्यंत आली होती, ती तिने घाईघाईने मागे सारली.

“आपण महाराष्ट्रातून आलात काय?” त्याने विचारलं.

“कशावरून ओळखलंत?”

“हिंदीवरून.”

खरं तर राग यायला हवा होता, पण ऋताला हसू आवरेना. मग तोही हसला — आणि बाहेर सर कधी थांबली ते दोघांनाही कळलं नाही.

तर गोष्ट अशी होती. ऋताचे वडील प्रभाकरराव बँकेत अधिकारी. सांगलीहून बदली होऊन उज्जैनला आले त्याला वर्ष होत आलं होतं. नानाखेड्यात भाड्याचं घर घेतलं होतं. ऋताचं गाणं मात्र सांगलीतच राहिलं, अनसूयाबाईंकडे. निघताना बाईंनी तिला तीन कॅसेटी भरून तालीम दिली होती. पण बाईंना यंत्राचा भारी तिटकारा. ‘ते ठोकळं माझ्या तोंडाशी नको,’ म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर थेट दाराशी ठेवायला लावला. परिणाम असा, की कॅसेटीत रस्त्यावरच्या भाजीवाल्याची आरोळी ठणठणीत, आणि बाईंचं गाणं शेजारच्या घरातून यावं तसं. वॉकमन पुरता मोठा केला तरी सूर कुठून कुठे वळला ते कळत नसे.

“म्हणजे वॉकमन आणि हेडफोनच्या मधे लावायला छोटा अॅम्प्लिफायर पाहिजे,” तो म्हणाला. “खिशात मावेल असा.”

“असा मिळतो?”

“आजकाल काय नाही मिळत? रोज बाहेरचं काही ना काही येतंच आहे. गुरुवारी या ना, मी मागवून घेतो.”

त्याचं नाव अपूर्व. त्याचा कोणी पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात कारकून म्हणून इकडे आला, तो दोनशे वर्षांत परत गेलाच नाही. घरात सगळे मराठी बोलत. पण ती मराठी क्षिप्रेचं पाणी प्यायलेली होती.

गुरुवारी पहिला अॅम्प्लिफायर आला. दिल्लीचा, काळ्या प्लास्टिकचा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, वर लाल दिवा. अपूर्वने त्याला दोन हेडफोन जोडले, एक तिला दिला, एक स्वतः लावला. कॅसेट सुरू झाली आणि बाईंचा आवाज एकदम कानाशी आला. ऋताचे डोळे चमकले.

“मिळाला,” ती म्हणाली. “हाच द्या.”

“थांबा. अॅम्प्लिफायर निवडताना गाणं नाही ऐकायचं. टेप बंद करायची, आणि मग जे उरतं ते ऐकायचं.”

त्याने टेप थांबवली. उरली ती नुसती सूंsss... कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होते ना, तशी.

“ही वाफ तुमच्या बाईंच्या प्रत्येक सुरामागे असेल,” अपूर्व म्हणाला. “आज नाही जाणवणार. आठ दिवसांनी डोकं धराल.”

मग त्याने करंगळीने बटण हळूहळू फिरवत वाफ कमी करायचा प्रयत्न केला. दोघं काउंटरच्या दोन बाजूंना, एकाच डबीला जोडलेले, काहीही न ऐकता उभे होते. ऋताने पाहिलं, त्याच्या बोटांवर कथील लागून भाजल्याचे बारीक डाग होते. आपण ते मोजतोय हे लक्षात येताच तिने हेडफोन काढला.

“नको मग हा,” ती म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

दुसरा आला तो सिंगापूरचा, चंदेरी, कुणा गिऱ्हाइकाच्या मेहुण्याने आणलेला. टेप बंद केली की शांतता अगदी स्वच्छ. ऋताने तो वापरून बघायला घरी नेला, तर नाव मोठं लक्षण खोटं. बॅटरी दोन दिवसांत फस्त, आणि आवाज एवढा नाजूक की बाई शेजारच्या घरातून फार तर आपल्या ओसरीवर आल्या. पुढच्या गुरुवारी तिने तो परत दिला. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याने तोच दुरुस्त करून दाखवला. त्याच्याही पुढच्या गुरुवारी तिने त्यात नवी खोट काढली.

आता खरं सांगायचं, तर दिल्लीचा अॅम्प्लिफायर थोडा कमी आवाजात ठेवला असता तर काम भागलं असतं. हे ऋताला ठाऊक होतं. अपूर्वला तर होतंच होतं. पण मग गुरुवारचं काय करायचं? शुक्रवार सकाळपासून ती पुढच्या गुरुवारची वाट बघू लागे. स्वयंपाकघरात आई हाक मारी आणि ऋता वॉकमन बंद असताना हेडफोन लावून, खिडकीतून नानाखेड्याच्या बसस्टँडाकडे जाणारे माणसांनी भरलेले टेम्पो बघत बसलेली असे.

“हे दोन्ही आपल्या कामाचे नाहीत,” फेब्रुवारीच्या अखेरीस अपूर्व म्हणाला. “मी स्वतःच बनवून देतो. पूर्ण कोशिश करतो की एक महिन्यात होऊन जाईल.”

“कोशिश हा मराठी शब्द आहे?”

“नाही?”

“अजिबात नाही.”

“मग काय म्हणतात आपल्यात?”

“शोधा,” ऋता म्हणाली आणि पायरी उतरली. थट्टेत टाकलेला तो एक शब्द पुढे किती महागात पडणार आहे, याची तिला काय कल्पना.

अपूर्वने ते फारच मनावर घेतलं. पुढच्या गुरुवारपासून तो सांभाळून, अडखळत, शुद्ध मराठी बोलू लागला. त्याचा नियम सोपा होता... जे उर्दूसारखं वाटेल ते बाहेर, जे संस्कृतसारखं वाटेल ते आत. ‘ऋताजी’मधला ‘जी’सुद्धा हिंदी म्हणून त्याने काढून टाकला. नुसतं ‘ऋता’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती काय विचारायला आली होती तेच विसरली.

मार्चमध्ये प्रभाकररावांच्या बदलीचा कागद आला. पुन्हा सांगली. ऋताची आई उषाताई हरखून गेल्या. तिथे ऋतासाठी एक चांगलं स्थळही कुणी सुचवलं होतं, गेल्या गेल्या बघण्याचा कार्यक्रम करायचा ठरला. वर्षभर ऋता ज्या गावासाठी झुरली होती, त्याचं नाव ऐकून ती कॅलेंडरवरचे उरलेले गुरुवार मोजायला उठली.

“आठ एप्रिलला निघतोय,” तिने काउंटरवरचा एक स्क्रू उगाच इकडून तिकडे सरकवत सांगितलं.

“परत कधी येणार?”

“परत कशाला येऊ?”

अपूर्वच्या हातातली वायर तशीच राहिली. “डबी त्याआधी होईल,” तो म्हणाला.

डबीचं कोण विचारत होतं? ऋताला आता अॅम्प्लिफायर नको होता. तिला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. आपण मागायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि दिवस भराभर संपत होते. ते दिवस तिने फार कठीण काढले. जेवताना घास फिरे, गाताना सूर लागत नसे, आणि सांगलीच्या स्थळाचा फोटो तिने पाकिटातून काढूनसुद्धा बघितला नाही.

शेवटच्या गुरुवारी, सहा एप्रिलला, डबी तयार होती. गोपाळ मंदिराजवळच्या बाजारातून आणलेली पत्र्याची कोरी पानाची डबी. आत त्याने बसवलेले बारीक भाग, एक चौकोनी बॅटरी, बाहेर एक छोटंसं बटण. अपूर्वने टेप न लावताच हेडफोन तिच्या हातात दिला. ऋताने ऐकलं. काहीच नव्हतं. वाफ नाही, खरखर नाही. मग त्याने कॅसेट सुरू केली, आणि अनसूयाबाई शेजारच्या घरातून उठून तिच्या समोर येऊन बसल्या.

“बाई श्वास घेतात,” ऋता हळूच म्हणाली. “निषादाच्या आधी... ऐकू येतंय मला.” तिचे डोळे भरून आले. ते बाईंमुळे, की या माणसाने महिनाभर खपून आपल्यासाठी एवढी शांतता तयार केली म्हणून, हे तिला सांगता आलं नसतं.

“एक विचारू?” ती म्हणाली. “दिल्लीचा पहिल्याच दिवशी माझ्या गळ्यात मारता आला असता. इतके दिवस का घालवलेत?”

अपूर्वने हात पुसले. पाठ केलेलं म्हणायला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला.

“ऋता... मी तीन महिने चेष्टाच करत होतो,” तो म्हणाला. “डबी हे तर केवळ निमित्त होतं.”

ऋताला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. “तीन महिने?”

“पहिल्या दिवसापासून. आपल्याला कळलं नाही?”

आणि तो चक्क हसला. आशेने हसला, पण ते तिला कसं कळावं?

“नाही कळलं,” ती म्हणाली. हेडफोन काढून तिने अलगद काउंटरवर ठेवला, शेजारी डबी ठेवली, कॅसेट पर्समध्ये टाकली. “मी मूर्ख आहे ना. मला खरं वाटलं सगळं.”

तो काहीतरी म्हणत पायरीपर्यंत आला, पण तोवर ती समोरच्या टेम्पोत बसली होती. घरी येईपर्यंत तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. घरी आल्यावर मात्र न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, पोटभर रडली.

शुक्रवारी दुपारी सगळं घर सामानाने भरलं होतं. ऋता जमिनीवर बसून जुन्या हिंदी वर्तमानपत्रांत कपबशा गुंडाळत होती. हातात आलेल्या पानावर एक बातमी होती : ‘कुएँ में गिरी भैंस को निकालने की चेष्टा, तीन घंटे जुटे रहे ग्रामीण’.

विहिरीत पडलेल्या म्हशीची चेष्टा करतात, काय माणसं आहेत, असं तिच्या मनात आलं. मग तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. हातातला कप तिने जपून खाली ठेवला.

“बाबा,” तिने विचारलं, “हिंदीत चेष्टा म्हणजे काय हो?”

प्रभाकरराव वळकटीला दोरी आवळत होते. बँकेची हिंदीची परीक्षा ते पहिल्या वर्गात पास झाले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

“चेष्टा म्हणजे प्रयत्न. बोलताना कोशिश म्हणतात; पण शुद्ध लिहायचं तर चेष्टा. का गं?”

मी तीन महिने प्रयत्नच करत होतो. डबी हे तर केवळ निमित्त होतं.

शुद्ध बोलायच्या नादात बिचाऱ्याने काय बोलून ठेवलं होतं, आणि ते शोधायला आपणच सांगितलं होतं. म्हशीला तशीच विहिरीत ठेवून ती उठली.

“आता कुठे निघालीस?” आईने विचारलं.

“एक वस्तू राहिलीय दुकानात.”

दुकान उघडं होतं. अपूर्व काउंटरमागे बसला होता. दाढी वाढलेली, समोर पानाची डबी. तिला बघून तो उभा राहिला.

“चेष्टा म्हणजे काय?” ऋताने धापा टाकत विचारलं.

“प्रयत्न... नाही?” त्याचा चेहरा पडला. “काही चुकलं काय?”

“मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. मस्करी. मजाक.”

अपूर्वने मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा म्हणून बघितलं असावं. त्याचे ओठ हलले, आणि मग कानापर्यंत लाल होत तो मटकन खुर्चीवर बसला.

“म्हणजे मी आपल्याला म्हणालो, की तीन महिने...”

“हो.”

“आणि वर विचारलं, की कळलं नाही काय...”

“हो,” ऋता म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. “आता शुद्ध-बिद्ध काही नको. जे म्हणायचं होतं ते तुमच्या घरी बोलता तसं बोला. माझी गाडी उद्या आहे, अपूर्व.”

तो खुर्चीवरून उठला.

“मला तुमच्याशिवाय नाही जमणार,” तो म्हणाला. “सच्ची सांगतो. गुरुवार आला नाही की मी परेशान होऊन जातो. आपण गेल्या तर मी... काय करू, मला समजतच नाही आहे. मला लग्न करायचंय, आपल्याशीच.”

व्याकरणाच्या बाईंना त्या बोलण्यात दहा चुका सापडल्या असत्या. ऋताला एकही सापडली नाही.

“मग चला,” ती म्हणाली.

“कुठे?”

“घरी. आई-बाबा सामान बांधतायत. सांगलीला पोचले की मला बघायला माणसं येणार आहेत, त्याच्या आत बोलायला हवं.”

“आत्ता? ह्या कपड्यांत?”

“ह्याच.”

भर दुपारी अपूर्वने शटर ओढलं. टेम्पोत दोघं समोरासमोर बसले, मधे कुणाची तरी बटाट्याची गोणी. वाटभर तो ओठांतल्या ओठांत वाक्यं जुळवत होता, मोडत होता, पुन्हा जुळवत होता. ऋता बाहेर बघत होती आणि त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

दारात प्रभाकरराव दोरीचं टोक हातात घेऊन उभे होते. मागून उषाताई आल्या. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग त्या दाढी वाढलेल्या अनोळखी तरुणाकडे पाहिलं.

“नमस्कार, काका,” अपूर्व म्हणाला. “मी... टावर चौकात माझं... म्हणजे काय झालं की...” आणि तिथेच त्याची गाडी अडली.

“बाबा, ह्यांना तुम्हाला एक विचारायचंय,” ऋता म्हणाली. “त्यांना जरा वेळ लागेल. तोवर माझं उत्तर ऐकून ठेवा. हो आहे.”