तीन ठिपक्यांचा कोळी

नलिनी, तिची वहिनी आणि सुभाषराव या तिघांना भोपाळजवळच्या केरव्याच्या कड्यावरून तांदळाच्या दाण्याएवढा एक कोळी आणायचा होता. करडी पाठ, तीन पांढरे ठिपके. नलिनीच्या दादानं, भालचंद्रनं, तो पाहून त्याचं चित्र नागपूरच्या प्राध्यापकांना पाठवलं होतं. उत्तर आलं ते दादा गेल्यावर. ‘चित्रावरून जात ठरत नाही. पूर्ण वाढलेली मादी स्पिरिटमध्ये घालून पाठवा. नवी जात निघाली, तर तुमचं नाव देऊ.’ त्या दिवशी रत्नप्रभावहिनी महिन्यात प्रथमच पोटभर जेवली. मूलबाळ नव्हतं, निदान कोळ्यापाशी तरी त्यांचं नाव राहील! पण आठवड्यात कारखान्याचं क्वार्टर रिकामं करायचं होतं. मग भोपाळ सुटलंच.

घाणेरीच्या काट्यांनी साड्या फाडल्या. अर्ध्या चढावर सुभाषरावांचा, दादाच्या तपासणी विभागातल्या सोबत्याचा, पाय घसरला. दगड गडगडले. वरचं आग्यामोहोळ उठलं!

“लेट जाओ! हलू नका!” सुभाषराव ओरडले.

तिघंही पालथी पडली. घोंघाट डोक्यावरून गेला. नलिनीच्या मानेत दोन नांग्या रुतल्या, पण ती हूं की चूं करेना.

अखेर कपारीत कोळी सापडला! सुभाषरावांनी खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला.

“अहो, इथं कशाला?” वहिनी म्हणाली.

“वहिनी, माप घेतल्याशिवाय आमच्याकडून खिळासुद्धा पास होत नाही!”

कॅलिपरचे जबडे जवळ आले. केसभर जास्तच. कोळी चिरडला.

बावीस वर्षं पोलाद मोजलेला तो कॅलिपर त्यांनी खाली टाकला. “अरे बाप रे... वहिनी, मारा मला.”

वहिनी पुढच्या कपारीकडे वळली. पुन्हा शोधाशोध. दोन तासांनी, खोल फटीत, दुसरा दिसला. मादीच! नलिनीनं बाटलीचं तोंड पुढे नेलं. कोळीण पळाली नाही. पोटाखालची अंड्यांची पांढरी पिशवी तिनं आणखी घट्ट धरली.

“नलू, राहू दे.”

“वहिनी, दादाचं नाव... पिशवीसकट नेऊ या ना!”

“आणि स्पिरिटमध्ये बुडवायची? सगळी? राहू दे म्हटलं ना.”

नलिनीनं बाटली मागे घेतली. “प्राध्यापकांना काय कळवायचं?”

“मी कळवीन. मादी मिळाली नाही म्हणून.”

एवढं बोलून ती दगडाला टेकली आणि हमसून हमसून रडू लागली. सुभाषराव पाठ फिरवून उभे राहिले. ऊन उतरेपर्यंत तिला कोणी उठवलं नाही.