मंडळाचा कावळा

जयवंत हुलवळे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठवण मंडळाची माणसं येऊन घरात ऐकणी ठेवून गेली. वस्तू दिसायला अगदी साधी. सुपारीच्या डब्याएवढी, पांढरी, वर एक बारीक हिरवा दिवा. कुणी बोलायला लागलं की दिवा लागायचा, गप्प झालं की विझायचा. भेटायला येणारी माणसं आधी जयवंतरावांच्या फोटोला नमस्कार करायची आणि मग बोलायची मात्र टीपॉयवरच्या त्या डबीकडे बघून, जणू जयवंतराव तिच्यातच जाऊन बसले होते.

केतकीला हे पहिल्या दिवसापासून खटकत होतं. ती जयवंतरावांची थोरली मुलगी. किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची देखभाल हे तिचं काम. एकदा पिळलेल्या नटाला पुन्हा पाना लावून बघायचं, ही तिथली शिस्त तिच्या इतकी अंगात मुरली होती की घराबाहेर पडताना कुलूपसुद्धा ती दोनदा ओढून बघायची. शंकेखोर म्हणून घरात तिची चेष्टा व्हायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

"काय माणूस होता," शेजारच्या शकूकाकू सांगत होत्या. "उभा जन्म एसटी स्टँडवर माइकवर बोलण्यात गेला, पण कधी कुणावर आवाज चढवला नाही. आणि जीव सगळा केतकीत अडकलेला. पोरीनं आता घरी यावं, एवढंच मनात होतं त्यांच्या."

"काकू, बाबा असं तुम्हाला कधी म्हणाले?" केतकीनं विचारलं.

"म्हणायला कशाला लागतं गं? बापाच्या चेहऱ्यावर दिसतं ते."

ऐकणीचा दिवा हिरवागार पेटलेला होता. केतकीनं डबी टीपॉयच्या कडेला सरकवली. कारण ही डबी पुढे काय करणार होती, हे तांबोरी गावातल्या सगळ्यांसारखं तिलाही ठाऊक होतं.

सात वर्षांपूर्वी पाखरांची साथ आली आणि तांबोरीतले कावळे संपले. चिमण्या थोड्याफार परतल्या, कावळे काही परतले नाहीत. सगळ्यात मोठी पंचाईत घाटावर झाली. दहाव्याला पिंड ठेवायचा, कावळा शिवायची वाट बघायची, नाहीच शिवला तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं समजून एकेकानं हात जोडून वचन द्यायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कावळाच नाही म्हटल्यावर गुरुजी दर्भाचा कावळा करायचे आणि पिंडाला लावायचे. शास्त्रात ती सोय आहेच. पण लोकांचं समाधान होईना. दर्भाचा कावळा दरवेळी शिवणारच, मग त्याच्या शिवण्याला अर्थ काय? लोकांना नाही म्हणू शकणारा कावळा हवा होता. आठवण मंडळानं तो आणला.

नऊ दिवस ऐकणी घरात बसून माणसांचं बोलणं गोळा करते. त्यातून गेलेल्या माणसाचा स्वभावपट तयार होतो, म्हणजे तो कसा होता, त्याला काय हवं होतं, कशाचा घोर होता, याचा एक नकाशा. दहाव्या दिवशी यंत्राचा कावळा तो पट घेऊन घाटावरच्या पिंपळावर बसतो आणि खाली चाललेलं बोलणं ऐकतो. वचन पटाशी जुळलं तर उतरून पिंडाला शिवतो, नाही जुळलं तर बसून राहतो. गेल्या वर्षी शकूकाकूंच्या यजमानांच्या वेळी तो ऊन डोक्यावर येईपर्यंत हलला नव्हता. शेवटी सून म्हणाली, "मी पुण्याची नोकरी सोडते, इथेच राहते." त्यासरशी तो खाली आला. ती सून आता रोज संध्याकाळी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत असते.

आणि केतकीला येत्या सोमवारी खोल समुद्रातल्या नव्या केंद्रावर हजर व्हायचं होतं, दोन वर्षांसाठी. या जागेसाठी तिनं जिवाचं रान केलं होतं. पण अख्ख्या आळीसमोर कावळ्याला दिलेलं वचन कोण मोडणार? केतकी मोडून निघून गेलीही असती, पण त्याच आळीत तिच्या आईला पुढे राहायचं होतं.

आठव्या दिवशी मंडळाची प्रज्ञा ढोणे ऐकणी तपासायला आली. केतकीनं तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"लोकांनी खोटं सांगितलं तर?"

"गेलेल्या माणसाबद्दल कोण खोटं सांगेल, केतकीताई?"

"बरं, खोटं नाही. पण सगळेच चांगलंचुंगलं सांगतात. मिसळवाले बर्गे गेले, ते मनमिळाऊ. कंपाउंडर गेले, ते मनमिळाऊ. माझे बाबा पत्त्यांत लबाडी करायचे. ते कुणी सांगितलं?"

"नाही," प्रज्ञा हसली. "तुम्ही सांगा ना."

"त्यांचा स्वतःचा आवाज नाही का तुमच्याकडे?"

"स्टँडवरची सगळी ध्वनिमुद्रणं मागवली होती आम्ही. फलाट क्रमांक चार, फलाट क्रमांक सहा, प्रवाशांनी आपलं सामान सांभाळावं. याच्यापुढे एक शब्द नाही."

केतकीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. घरी तरी वेगळं काय होतं? दिवसभर माइकवर बोलून घरी येईपर्यंत बाबांचे शब्द संपलेले असायचे. दिवाळीनंतर ते तिला सोडायला स्टँडवर आले होते. बॅग वर चढवून दिली, बसच्या टायरकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी वेळेत आहे." तेच शेवटचं बोलणं. समुद्रावर परतल्यावर कितीतरी दिवस तिला त्याचा राग येत होता. एवढा जन्म लोकांना गाड्या सांगितल्यात, मला एक वाक्य सांगता आलं नाही का तुम्हाला?

त्याच दुपारी ती जरा आडवी झाली होती. उठून बाहेर आली तर टीपॉयवरचा दिवा लागलेला, आणि त्याच्यासमोर आई एकटीच बसलेली, मांडीवर मेथीची जुडी घेऊन. केतकीला बघून आई गप्प झाली. दिवा विझला.

"काय सांगत होतीस गं त्याला?"

"काही नाही. भाजी निवडतेय."

केतकीनं पुढे विचारलं नाही, पण मनात पाल चुकचुकली. आठ दिवसांत आई तिला जा म्हणाली नव्हती, राहा म्हणाली नव्हती. आता हिचीही भर पडली, असं केतकीला वाटलं आणि आईचा इतका राग आला की संध्याकाळचा चहा तिनं न बोलता घेतला.

दहाव्या दिवशी घाटावर सगळी आळी जमली. चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. गुरुजींनी पिंड ठेवला, सगळे मागे सरले. पिंपळाच्या आडव्या फांदीवर मंडळाचा कावळा बसलेला होता. काम सुरेख केलेलं, मान तिरकी करण्याची ढबसुद्धा अस्सल. फक्त तो कधी ओरडायचा नाही.

केतकीचा धाकटा भाऊ श्रेयस पुढे झाला. "बाबा, आईला मी अंतर देणार नाही." कावळा बसून राहिला. "स्टँडवर तुमच्या नावानं पाणपोई घालीन." कावळ्यानं मान इकडची तिकडे केली. श्रेयसनं देवीची यात्रा कबूल केली, सिगारेट सोडली, चुलत्यांशी धरलेला अबोला सोडला. फांदी हलली नाही. आई छत्रीखाली उभी होती. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

हळूहळू माना वळायला लागल्या. आधी शकूकाकूंची, मग बाकीच्यांची. सगळे केतकीकडे बघत होते, आणि बघण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. तेच तर वाईट होतं.

"केतकी, बोल बाई," शकूकाकू हळूच म्हणाल्या. "त्यांना मोकळं कर."

केतकी पुढे गेली. तिला आईचे सुकलेले ओठ दिसत होते आणि ती दारात उभी राहणारी सून दिसत होती. नाही म्हणून निघून जावं तर आळी आयुष्यभर म्हणत राहणार की बाप पोरीपायी अडकून राहिला. आणि मग तिला वाटलं, ती डबी लोकांच्या तोंडचं सगळं गिळते ना? मग कावळ्यालाही माझं गिळू दे. बघू तर खरं.

तिनं हात जोडले.

"बाबा, दिवाळीत स्टँडवर तुम्ही मला काय म्हणालात ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, केतू, कुणाच्या म्हणण्यावरून परत फिरू नकोस. आईचं मी बघतो. आणि मी नसलो तरी तुझी आई खमकी आहे. मी तुमचं ऐकणार आहे, बाबा. मी सोमवारी जाणार."

धादांत खोटं होतं. पण बोलता बोलता तिचा आवाज फुटला, कारण त्यांनी असं म्हणायला हवं होतं असं तिला दिवाळीपासून वाटत होतं.

घाटावर कुणी हललं नाही. कावळ्यानं मान तिरकी केली, पंख उघडले आणि सरळ खाली येऊन पिंडाला चोच लावली.

श्रेयस रडायला लागला. शकूकाकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "असे होते हो जयवंतराव. लेकीला मोकळीक देणारे." कालपर्यंत हेच तोंड काय बोलत होतं, ते त्या विसरूनही गेल्या होत्या. केतकीला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही थोडा, चोरी पचल्यासारखा. ती तडक सामान आवरणाऱ्या प्रज्ञाजवळ गेली.

"तुमचा कावळा कुणाचंही काहीही खातो की हो."

"नाही खात," प्रज्ञा शांतपणे म्हणाली. "एकट्या माणसाच्या सांगण्यावर तो उठत नाही, कितीही जवळचा असला तरी. दुसरी साक्ष लागते. तुम्ही आत्ता जे सांगितलंत, ते ऐकणीला आणखी कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं. तो दुजोऱ्याची वाट बघत बसला होता."

"कुणी सांगितलं?"

"ते मला सांगता येत नाही."

केतकीनं मागे वळून पिंडाकडे बघितलं. ते वाक्य तर तिनं तिथे, त्या घाटावर उभं राहून, आयत्या वेळी रचलं होतं.

घरी आल्यावर आंघोळी झाल्या, माणसं पांगली. आईनं दोन घास खाल्ले आणि स्वयंपाकघरात खाली बसली, भिंतीला पाठ टेकून. केतकी तिच्या शेजारी जाऊन बसली.

"आई, परवा दुपारी तू ऐकणीला काय सांगितलंस?"

आई पदराशी चाळा करत राहिली.

"तू घाटावर खोटं बोललीस," ती म्हणाली. "हे तुला स्टँडवर काही बोलले नव्हते."

केतकीनं मान हलवून कबूल केलं.

"मला बोलले होते. तुला सोडून घरी आले, चपला काढता काढता म्हणाले, पोरीला सांगायचं होतं, कुणाच्या म्हणण्यावरून परत फिरू नकोस म्हणून. पण हातात माइक नसला की माझी जीभच उचलत नाही."

"मग इतके दिवस मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास? तू तर कुलूप दोनदा ओढून बघतेस." आई किंचित हसली. "आळीतली सगळी एक बोलत होती, मी एकटी काय सांगणार? म्हणून डबीला सांगितलं."

केतकी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आई थकली होती, त्यापलीकडे त्या चेहऱ्यावर काहीच वाचता येत नव्हतं. खरं असेल का हे? की लेकीला सोडवायला आईनंही तेच केलं, जे मी केलं? बाबांना काय हवं असायला हवं होतं ते दोघींना सारखंच वाटलं, म्हणून दोघींचं खोटं जुळलं?

"तुला पटत नसेल तर बॅग बघ," आई म्हणाली. "बाजूच्या कप्प्यात ह्यांनी आलेपाक ठेवला होता. तुला बोट लागते ना, म्हणून. चढवून देताना हळूच सरकवला, असं म्हणाले."

केतकी उठली. बॅग आतल्या खोलीत, पलंगाखाली होती. बाजूच्या त्या कप्प्याची चेन वर्षभर अडकत होती म्हणून तो कप्पा ती वापरतच नसे. तिनं चेन ओढली. एकदा अडकली, दुसऱ्यांदा निघाली. आत खरोखरच एक पुडी होती, दोऱ्यानं बांधलेली. आल्याचा वास आला.

तिला एकदम भडभडून आलं. आणि त्याच क्षणी, सवयीनं, दुसरा विचारही आला. बॅग दहा दिवस या खोलीत आहे. आई रोज इथूनच जा-ये करते.

खात्री करणं अगदी सोपं होतं. दिवाळीतला आलेपाक एव्हाना दगडासारखा कडक झालेला असणार. या आठवड्यातला असेल तर बोटानं दाबला की मऊ लागेल. तिनं पुडी तळहातावर घेतली आणि कागदावरूनच एका वडीवर अंगठा ठेवला. नुसता ठेवला. दाबला नाही.

"सापडली का गं?" स्वयंपाकघरातून आईनं विचारलं.

"सापडली," केतकी म्हणाली.

अंगठा अजून तिथेच होता. दाबायचा की नाही?