तिसरा वाटेकरी

जाड केबल बॅटरीच्या एकाच बाजूला पुरली. दुसऱ्या बाजूला वायरमनने दोन बारीक वायरी जोडीने टाकल्या. लांबी दोरा लावून सारखी, टोकं सारख्याच दाबाने आवळलेली. एकीने कुचराई केली की दुसरी सगळा भार ओढते आणि जळते, हे तो नवख्यांना शिकवत आलेला.

ताईच्या तीनचाकीत तर चूक चालणारच नव्हती. पंधरा वर्षं तिचे पाय निर्जीव. सोमवारी ती शिलाईच्या कारखान्यात पहिल्यांदा एकटी जाणार होती.

"झालं का रे, की सोमवारी ढकलत नेतोस?" ताई सीटवर ठाण मांडून बसलेली.

"ब्रेक दाबून ठेव. हळूच रेस दे."

त्याने करंट मोजायच्या मीटरचा चिमटा जाड केबलीभोवती लावला. साठ अँपिअर. म्हणजे बारीक वायरींत तीस-तीस हवेत. त्याने एकेक तपासली.

वीस.

वीस.

त्याने मीटरचे सेल बदलले, वायरींची अदलाबदल केली. वीस, वीस. उरलेले वीस कुठे तरी जायला हवेत, जिथे जातील ते तापायला हवं. त्याने सगळीकडे हात फिरवला. गार.

मग तिसरी वायर टाकली. पंधरा, पंधरा, पंधरा. चौथी टाकली. बारा, बारा, बारा, बारा. कितीही टाका, एक वाटेकरी जास्तीचा.

"मघाशी बरं होतं," ताई कुरकुरली. "आता कमी झाली."

"काय?"

"पायांतली ऊब."

त्याने चिमटा तिच्या घोट्याभोवती लावला.

बारा.

"उतर, ताई. हे बरं नाही."

"बाळ्या, माझ्या चपलेचा पट्टा रुततोय." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला कळतंय तो. काढ वायरी."

 पण पंधरा वर्षं तिला उचलून ठेवलेल्या हातांना नाही म्हणता येईना; त्यांनी एकेक वायर सोडवायला घेतली.

पंधरा.

वीस.

तीस. तिचा अंगठा हलला.

"शेवटचीही काढ."

त्याने काढली. आता बॅटरीच्या त्या बाजूला एकही वायर नव्हती.

साठ.

मोटर गुणगुणत राहिली. ताई हसली. मग हसायची थांबली.

"चटका बसतोय रे."

"रेसची मूठ सोड."

"केव्हाच सोडली."

साठ.

"उतरव मला. लवकर."

त्याने तिचा हात धरला.

तीस.